माझा खांदा आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे

देवास,
श्रावण वद्य षष्ठी, सन १९९८

तीर्थस्वरूप सौ. जाऊबाई यांस,

देवासहून धाकट्या जावेचा, नलिनीचा, नमस्कार. दोन्ही हात जोडून केला आहे. दोन्ही, हे मुद्दाम लिहिते, कारण धारेत सध्या माझ्या उजव्या हाताबद्दल काय काय बोललं जातं ते मला समजलं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? बळवंतराव भाऊजींचा खोकला गेला का? त्यांना ज्येष्ठमध चघळायला द्या आणि तंबाखू बंद करा (ते करणार नाहीत, पण लिहिणं माझं काम). इकडे पाऊस बेताचा, नळाला पाणी एक दिवसाआड, आणि लाइट तिच्या मर्जीने येते-जाते. ह्यांची, म्हणजे तुमच्या तात्या भावोजींची, तब्येत उत्तम. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की दाढी करायला बसतात.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही लिहिलंत की नलिनी, तुझा हात कानाच्या वर जात नाही असं समजलं, तेव्हा यंदापुरत्या महालक्ष्म्या धारेला आणू, जीप पाठवते, यंदापुरतीच गोष्ट आहे, तुला उगीच तकलीफ नको. जाऊबाई, तुमचं मन मोठं आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ‘यंदापुरतं’ तुम्ही दोनदा लिहिलंत, एकदा लिहून भागलं असतं. बारा वर्षांपूर्वी तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा महालक्ष्म्या यंदापुरत्या म्हणूनच देवासला आल्या होत्या, आणि मग राहिल्या. (का राहिल्या याचा मी कधी खोलात जाऊन विचार केला नाही. देवीच्या मनात असेल.) तेव्हा यंदापुरतं म्हणजे किती वर्षं, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि मुख्य म्हणजे, कानाच्या वर जात नाही ही खबर धारेला दिली कुणी? घरात आम्ही दोघंच. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

वैशाखात मी स्टुलावर चढून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होते. स्टूल सरकलं. बरणी मी पोटाशी धरली ती वाचली, मी उजव्या अंगावर पडले. दंडाचं हाड खांद्याजवळ तडकलं. महिनाभर हात झोळीत. हाड जुळलं, पण खांदा असा जाम झाला की पदर सारखा करायचा तर डाव्या हाताने, आणि वेणी घालायला शेजारच्या सावित्रीबाईंना हाक मारायची. (त्या वेणी घालता घालता माझ्या कपाटात काय काय आहे ते बघतात.) हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त व्यायाम. मला तिथेच शंका आली. गोळी न देता फी घेणारा डॉक्टर मी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी चिठ्ठी दिली आणि फिजिओथेरपीला जा म्हणाले. ते दुकान एका फरशीवाल्याच्या वर आहे. वर जायला अठरा पायऱ्या. ज्यांचे पाय मोडले ते वर कसे जात असतील? मी विचारलं, तर म्हणे हळूहळू. म्हणजे ज्यांना जिना चढता येतो त्यांचेच पाय तिथे दुरुस्त होतात, आणि मग भिंतीवर त्यांचे फोटो लागतात.

तिथे अल्पना म्हणून पोरगी आहे, चोवीस-पंचवीसची, पांढरा कोट घालते. आधी गरम पोटीस, मग विजेचं मशीन (खांद्यावर मुंग्या सोडल्यासारखं वाटतं, आणि ती लांब उभी राहते, म्हणजे तिलाही त्याची भीती असणार), मग छताच्या गराडीवरून दोरी खाली-वर ओढायची, मग लाटणं दोन्ही हातांत धरून वर-खाली. हात वर नेते आणि विचारते, आंटी, दर्द दस में से कितना? हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. आठ म्हटलं तर म्हणणार अजून महिनाभर या. दोन म्हटलं तर आणखी जोराने ओढणार. म्हणून मी रोज चार सांगते. डोळ्यांतून पाणी आलं तरी चार. ती वहीत काहीतरी इंग्रजीत लिहिते, आणि मी जितकं कमी बोलेन तितकं ती जास्त लिहिते.

एक दिवस सहज म्हणून तिचं गाव विचारलं, तर म्हणाली धार. गल्ली विचारली, तर तुमच्या घरामागची! जाऊबाई, मला आता काही म्हणायचं नाही, पण तुम्हीच सांगा, एखाद्या माणसाने काय समजावं? मी परीक्षा घ्यायची ठरवली. तिला मुद्दाम खोटंच सांगितलं की आता मी उजव्या हाताने केस विंचरते. म्हटलं, बघू धारेहून अभिनंदनाचं पत्र येतं का. पंधरा दिवस वाट पाहिली. नाही आलं. म्हणजे पोरगी पक्की आहे, ऐकते सगळं आणि पाठवते निवडून.

आता भिंतीचं सांगते, कारण खरा घोळ तिथे आहे. अल्पनाने घरचा व्यायाम दिला: भिंतीसमोर उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं भिंतीवर कोळ्यासारखी चालवत वर न्यायची, आणि जिथे थांबतील तिथे रोज पेन्सिलीने खूण करायची. खुणेचं काम ह्यांनी घेतलं. तुम्हाला माहीत आहे, ह्यांनी एकतीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात काढली. केसाएवढा फरक असला तरी माल परत. त्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आधी लाल पेन्सिलीने एक रेघ मारली. म्हणाले, महालक्ष्मीची मान इतक्या उंचीवर येते. तुझी बोटं इथे टेकली की मुखवटा चढला असं समज. खाली रोजची काळी खूण, शेजारी तारीख.

आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच हाताखाली शिकले. दोन्ही पितळी मुखवटे घरच्या सुनेने दोन्ही हातांनी, उभ्याने, पाय जमिनीवर ठेवून, मध्ये न टेकवता चढवायचे. स्टूल नाही, दुसऱ्याचा हात नाही. बारा वर्षं मी ते केलं. मुखवटा मानेवर बसतो तेव्हा खट्ट असा बारीक आवाज येतो, आणि त्यानंतर मला वर्षभर कशाचीच भीती वाटत नाही. ते माझ्याकडून गेलं तर मी नुसती पुरणपोळ्या लाटायला उरले. हे मी कुणाला बोलले नाही, तुम्हालाच लिहिते.

तर मी रोज भिंतीवर चढू लागले. आणि काय सांगू, रोज प्रगती! कालच्या खुणेपेक्षा आज अर्धं बोट वर, कधी एक बोट वर. हे म्हणायचे, बघ, मी म्हणत नव्हतो? मीही खूश. पण सतरा दिवस रोज वर जाऊनही ती लाल रेघ काही जवळ येईना. पहिल्या दिवशी होती तेवढीच लांब. मी आधी म्हटलं घर खचतंय. पलीकडच्यांनी बोअर खणली आहे. मग वाटलं रेघच कुणी वर सरकवतं आहे, आणि संशय अर्थात अल्पनावर गेला, पण ती आमच्या घरी कधी आलेलीच नाही. मग लक्षात आलं, पहिल्या दिवसाची खूण लाइटच्या बटनांच्या बरोबरीला होती, हे मला पक्कं आठवत होतं, आणि आता ती खाली पिठाच्या डब्याशी आली होती. शेजारी तारीख तीच, अक्षर ह्यांचंच. मी त्या दिवशीच्या खुणेजवळ चुन्यात नखाने हळूच एक ओरखडा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी खूण ओरखड्याच्या बोटभर खाली.

गेल्या मंगळवारी अल्पनाकडे लाइट गेली, मशीन बंद, म्हणून मी लवकर परत फिरले. रिक्षावाल्या भियाने गल्लीच्या तोंडाशी सोडलं, चालत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर हे भिंतीसमोर उभे, एका हातात खोडरबर, दुसऱ्या हातात पोलादी फुटपट्टी, चष्मा कपाळावर. सगळ्या खुणा, पहिल्या दिवसापासूनच्या, एकेक पुसून बोटभर खाली उतरवत होते, आणि प्रत्येकीपुढे तारीख पुन्हा नीट अक्षरात लिहीत होते. घाम फुटला होता त्यांना. एकतीस वर्षांत ज्या माणसाने सख्ख्या साडूच्या ओळखीच्या ठेकेदाराचाही माल पास केला नाही, तो माणूस माझ्यासाठी भिंतीवर लबाडी करत होता.

आधी मला राग आला. मग राग कुठे गेला कुणास ठाऊक, मी तशीच मागे फिरले, बाहेरच्या ओट्यावर बसून पोटभर रडून घेतलं. मग मोठ्याने खोकले, चपला आपटल्या, आणि आत आले. हे वर्तमानपत्र वाचत बसले होते, उलटं नव्हतं, पण कालचं होतं. म्हणाले, चल, व्यायाम करून घे. मी बोटं चढवली. म्हणाले, एक बोट वर! मी म्हटलं, होय हो, किती छान. लग्नाला चौतीस वर्षं झाली, भाजी बरी झाली असं कधी तोंडाने म्हणाले नाहीत, आणि आता रोज शाबासकी देतात, ती मी मोडू कशी?

पण मला आता हेही कळलं आहे की हा माणूस कुठवर जाईल. काल संध्याकाळी माझी बोटं चक्क त्या लाल रेघेला टेकली. एका आठवड्यात एवढी प्रगती? मी काय समजायचं ते समजले. आता त्यांनी लाल रेघही खाली आणली. मी तोंडावर काही दाखवलं नाही, हसले, त्यांना चहा करून दिला.

तर जाऊबाई, एवढं सगळं असलं तरी जीप पाठवू नये. महालक्ष्म्या देवासलाच बसतील. मी समर्थ आहे. भाऊजींना नमस्कार. उत्तर लवकर द्यावे, आणि पोस्टकार्डावर नको, पाकिटात द्यावे. इथे पोस्टमन वाचतो.

आपली आज्ञाधारक,
नलिनी

ता. क. – मी समर्थ वगैरे काही नाही. मुखवटा हातातून सुटेल या भीतीने मला झोप लागत नाही. तुम्ही या. महालक्ष्म्या नेऊ नका, तुम्हीच इकडे या आणि मुखवटे तुम्ही चढवा. मोठी सून आहात, मान तुमचाच आहे. फक्त एक करा. तुम्ही ह्यांना वेगळं पत्र लिहा, की यंदा मुखवटे आपण चढवावे असं माझ्या मनात आलं आहे, नलिनीला राग येणार नाही ना? मी दोनदा नाही म्हणेन, मग कबूल होईन. खुणांचं मला कळलं आहे हे त्यांना कधीही कळता कामा नये. ते फार कष्टाने खोडतात.

ता. क. २ – हे माझी पत्रं टाकायच्या आधी वाचतात असा मला संशय आहे, म्हणून हे पाकीट अल्पनाजवळ देते आहे. ती तुम्हाला सगळं सांगतच असेल, तर पत्रही तिनेच टाकावं. मात्र तिला त्याबद्दल काही बोलू नका, मला ती आता बरी वाटू लागली आहे.

*

सौ. वहिनींस तात्याचा सा. नमस्कार. पाकीट जड झालं, तिकीट पुरेल का हे विचारायला अल्पना माझ्याकडे आली. ते मी चहाच्या आधणावर धरून उघडलं. चूक झाली, पण झाली. अल्पनाने धारेला काहीही कळवलेलं नाही. बळवंतदादाला फोन मीच केला होता.

काळ्या खुणांबद्दल तिने लिहिलं आहे ते खरं आहे. लाल रेघेला मी हात लावलेला नाही. आज पुन्हा मोजली. जमिनीपासून चार फूट नऊ इंच, पहिल्या दिवशी होती तेवढीच. काल तिची बोटं तिथे खरोखर पोचली. हे मी तिला सांगू शकत नाही, आणि सांगितलं तरी माझ्यावर आता ती विश्वास ठेवणार नाही, तो मीच घालवला.

म्हणून आपण अवश्य यावं, तिने लिहिलं आहे तसं पत्र मला पाठवावं, त्या दिवशी मुखवटा हातात घ्यावा, आणि ऐन वेळी आपला खांदा दुखायला लागून तो तिच्या हातात द्यावा.