बोट लागली

बोटीवरून, ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल. त्यात अर्धा दोष समुद्राचा, अर्धा माझा. बाबांना पत्र दाखवू नकोस, नाहीतर प्रोफेसरांचं ते वाक्य पुन्हा निघेल, की याचं अक्षर तेवढं डॉक्टरचं झालंय, बाकी काही नाही. भर वर्गात असं ऐकून गप्प बसणारा मी नव्हे. पांढरा कोट टेबलावर फेकला आणि बाहेर पडलो, हे तुला ठाऊकच आहे.

पुढचं ठाऊक नसेल. मला वाटलं होतं, चष्मेवालीला माझा बाणेदारपणा आवडेल. तसाच तिच्या वडिलांच्या दुकानात गेलो. ती कुणाच्या तरी चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होती. मान वरही न करता म्हणाली, की ज्याने तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, तो बायकोला कितव्या वर्षात सोडेल याचा काय भरवसा. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव, मग बोलू. ताई, माझं डोकं असं तापलं, की त्याच पावली बंदर गाठलं आणि पहिली दिसली त्या मालवाहू बोटीवर दवाखान्याचा मदतनीस म्हणून नाव घातलं. जाऊन परत यायचं, मध्ये उतरायचं नाही. बघू दे तिला.

मदतनीस म्हणजे बाटल्या पुसायच्या, एवढंच काम होतं. पण पहिल्याच बंदरात आमचे म्हातारे डॉक्टर न्हाणीघरात साबणावरून घसरले. पाय मोडला, किनाऱ्यावरच्या इस्पितळात राहिले. मी कॅप्टनला स्वच्छ सांगितलं, की मी डॉक्टर नाही, अर्धाच आहे. त्यावर तो म्हणाला, की आधीचा पुरा होता तो पुरा घसरला, तू निम्मा घसरशील. काही मोठं दुखणं आलंच तर बिनतारी यंत्रावरून म्हाताऱ्यांना विचारायचं आणि ते सांगतील तेवढंच करायचं, असं ठरलंय.

मोठं दुखणं सध्या एकच आहे, ते म्हणजे मी. मला बोट लागली आहे. अशी लागली आहे, की पोटात आता आठवणींशिवाय काही उरलेलं नाही. खलाशी दवाखान्यात येतात, माझी चौकशी करतात आणि स्वतःचं दुखणं न सांगताच परत जातात.

बाकी मी बरा आहे. लोभ आहेच. बाबांच्या वाट्याचाही सध्या तूच कर.

तुझा धाकटा


घरून, २४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचायला संध्याकाळ गेली. एका जागी तू 'मी बरा आहे' लिहिलंस की 'मी मरा आहे', यावर आईची आणि माझी जुंपली. शेवटी आईने बरा असं धरून चालायचं ठरवलं.

तुला बोट लागली हे ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नाही. तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय, की लिंबाची फोड घे, तिला मीठ लाव, थोडी थोडी चाखत राहा आणि उघड्यावर बसून लांब बघ. डॉक्टरला औषध सांगतेस का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, अर्ध्याला सांगतेय, राहिलेल्या अर्ध्याला.

बाबा तुझं नाव घेत नाहीत. मात्र समुद्राचा एक मोठा नकाशा आणून त्यांनी भिंतीवर लावला आहे. विचारलं तर म्हणतात, तिथे ओल आली होती, झाकायला लावला.

आणि हो, चष्मेवाली काल घरी आली होती. माझ्या चष्म्याचा नंबर तपासायला आले म्हणाली. मला चष्मा नाही. हे मी तिला सांगितलं नाही. चहा दिला आणि तुझी बातमी दिली. बातमी ऐकताना ती नकाशाकडे बघत होती.

जप. आणि कुणाशी भांडू नकोस, तिथे उठून बाहेर जायला जागा नाही.

तुझी ताई


बोटीवरून, १३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा उपाय रामबाण आहे. मला पूर्ण बरं वाटलं. मात्र त्याच उपायाने आमचा आचारी आयुष्यातून उठायचा बाकी होता. ते सांगतो, पण तू हसणार नसशील तर.

परवा सकाळी मुदपाकखान्याकडून चिठ्ठी आली. बोट लागल्यामुळे आचाऱ्याला काम जमत नाही, उपाय कळवावा. आता बोटीवर बसलेल्या माणसाने बोट लागल्यामुळे असं वाचलं, तर तो काय समजेल? मी म्हटलं, चला, या समुद्रात मी एकटाच नाही. मोठ्या मायेने आईचा उपाय लिहून दिला. लिंबूमीठ चाखावे, उघड्यावर बसून लांब बघावे.

थोड्या वेळाने डेकवरून अशी किंकाळी आली, की माणूस पाण्यात पडला समजून कॅप्टनने इंजिन बंद करवलं. धावत गेलो. आचारी उघड्यावर बसून लांब बघत होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि दोन खलाशी त्याच्या हाताला लिंबूमीठ चोळत होते. त्याला बोट लागली नव्हती गं! त्याचं बोट लागलं होतं! कोठीच्या लोखंडी दारात सापडून चांगलं ठेचलं होतं. आणि माझं 'चाखावे' त्या सगळ्यांनी मिळून 'चोळावे' असं वाचलं. प्रोफेसर त्या वेळी शेजारी असते तर मी त्यांचे पाय धरले असते किंवा त्यांना समुद्रात ढकलून दिलं असतं, नक्की सांगता येत नाही.

बोट धुतलं. नखाखाली काळं रक्त साकळलं होतं, ठणका त्याचाच होता. म्हाताऱ्यांना बिनतारीवरून विचारलं. त्यांनी सांगितलं तशी सुई तापवून लाल केली आणि नखाला भोक पाडलं. रक्त बाहेर आलं, तसा आचाऱ्याचा चेहरा सैल पडला आणि त्याने मला आशीर्वाद दिला. ताई, माझा हात अजिबात कापला नाही. बोट मात्र चांगली हेलकावत होती, हे मला नंतर आठवलं.

कॅप्टनचा हुकूम निघालाय, की डॉक्टरने यापुढे काहीही लिहायचं नाही, औषध तोंडी सांगायचं. आचाऱ्याने राग धरला नाही. फक्त माझ्या जेवणात सध्या मीठ नसतं.

चष्मेवालीला यातलं बोलू नकोस. किंवा बोल, पण सुईपासून सुरुवात कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा


घरून, २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसणार नव्हते, पण आई आधी हसली. बाबा नकाशाकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

आता पुढचं शांतपणे वाच. बसून वाच. शेजारच्या काकू सांगत होत्या, की कुणी इंजिनिअर मुलगा चष्मेवालीला बघायला दुकानात आला होता. दिसायला चांगला आहे म्हणे. बराच वेळ बसला. ती इकडे फिरकलेली नाही, त्यामुळे मला जास्त काही माहीत नाही. तुझ्यापासून लपवून ठेवलं असतं, तर पुढे तू माझ्याशी बोलला नसतास, म्हणून लिहिते. डोक्यात राख घालून घेऊ नकोस. एवढं ऐक.

तुझी ताई


बोटीवरून, २३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घालून घेतली.

तुझं पत्र वळणाच्या बंदरात मिळालं. इथून आमची बोट आणखी दोन बंदरं करत रमतगमत परत फिरणार. पण शेजारच्या धक्क्यावर एक प्रवासी बोट उभी होती, ती त्याच संध्याकाळी निघून थेट आपल्याकडे जाणार होती. मी पेटी भरली. कॅप्टनला सांगितलं, की चाललो. तो म्हणाला, की मदतनिसाला कुणी बांधून ठेवलेलं नाही. बस्स, उतरायला लागलो.

शिडीच्या मध्यावर असेन, तेवढ्यात वरून आचाऱ्याने हाक मारली. ते बोट पुढे करून उभा. नख गळून पडलंय, खालची कातडी अजून ओली आहे आणि रोज सकाळी पट्टी मी बदलतो. त्याने एवढंच विचारलं, की आता ही पट्टी कोण बदलणार. मी चिडून म्हटलं, की कुणीही लिहितावाचता माणूस बदलेल. त्यावर तो म्हणाला, की लिहित्यावाचत्या माणसांचा अनुभव त्याने घेतला आहे, तो पुरे.

बाकीचे सगळे हसले. मला हसू येईना. शिडीवर एक पाय वर, एक खाली असा उभा राहिलो. त्या इंजिनिअरचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि मी त्याला पाहिलेलंही नाही! मग आठवलं, कॉलेजचा जिना मी असाच उतरलो होतो. तेव्हा कुणी वरून हाक मारली नव्हती, एवढाच फरक.

पेटी घेऊन वर गेलो. पट्टी बदलली. एका बोटासाठी बोट सोडली नाही, ताई. प्रवासी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा मी कात्रीने चिंधी कापत होतो, ती वाकडी कापली गेली. चष्मेवाली इंजिनिअरला हो म्हणाली असेल तर असो. असो लिहिलंय, पण तसं वाटत नाही.

एक विनंती. सोबत प्रोफेसरांना अर्ज आहे, तिसऱ्या वर्षात परत घ्यावं म्हणून. चष्मेवालीसाठी नाही. सुई तापवताना मला कळलं, की बिनतारीवर दुसऱ्याला विचारून किती दिवस चालणार? हे मला स्वतःला यायला हवं. अर्ज पुन्हा पुन्हा लिहून काढलाय, वाचता येतो का बघ. आला तरच टाक.

लोभ असावा, राग असला तरी चालेल.

तुझा धाकटा


घरून, ६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र बंदराच्या ऑफिसात तुझी वाट बघत असेल. बोट तपासून होईपर्यंत तुम्हाला उतरू देत नाहीत असं बाबा म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

आधी माझी चूक. इंजिनिअर दुकानात तिला बघायला आला नव्हता, त्याला नीट बघता येत नव्हतं म्हणून आला होता. भिंतीवरच्या पाटीची तिसरी ओळही वाचता आली नाही बिचाऱ्याला. जाड भिंगं घेऊन गेला. काकूंनी अर्धंच ऐकलं आणि मी तेवढंच कळवलं. घरात अर्धा तू एकटाच नाहीस.

तुझं शिडीचं पत्र मी चष्मेवालीला वाचायला दिलं. दोनदा वाचलं, मग घरी नेऊ का विचारलं. परत आणून दिलेलं नाही. अर्ज बाबा स्वतः कॉलेजात घेऊन गेले. प्रोफेसरांनी तो चष्मा न लावता वाचला म्हणे आणि तुला परत घेतलंय.

आज सकाळी ती वर्तमानपत्र हातात घेऊन धापा टाकत आली. दारातूनच ओरडली, की बोट लागली. आईने आतून विचारलं, कुणाला, आणि लिंबू कापायला घेतलं. बाबांनी उठून नकाशा उतरवला. म्हणाले, ओल गेली. भिंत तिथे पहिल्यापासून कोरडीच होती.

ये लवकर.

तुझी ताई

ता. क. ही ओळ माझी आहे, ताईंची नाही. बोट पुरी केलीस, आता कॉलेज पुरं कर. मी दुकानातच आहे, कुठे जात नाही. घरी जायच्या आधी डोळे तपासून घ्यायला ये. अक्षर सुधारलंय, पण ओळ अजून तिरकी जाते.