बाटलीतलं धुकं

ता. ३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

घरामागच्या पॉपलरच्या झाडाच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतेय. तिथे भिंत येणार, झाड जाणार. मी काड्या खोचून पाहिल्या, सगळ्या कुजल्या. तू प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये रोपं वाढवतेस, तर मला एवढं एक करून दे.

झाड कुणी लावलं ते तुला ठाऊक आहे. माझा लेक गेल्यावर त्याचा विषय काढायचा नाही, असं आपलं ठरलं. मी काढत नाही. त्याची खोली धुऊन घेतली, कपडे देऊन टाकले. रडू कमी येतं.

बाटल्यांना वेळेवर खाऊ घालतेस, स्वतः मात्र चहावर राहतेस. मला इथून दिसतं सगळं.

लोभ आहेच, तो जेवणाच्या ताटावर दाखव.
तुझी सासू

ता. ११ मार्च

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

फांद्या पोचल्या. कोंब काढून, निर्जंतुक करून बाटल्यांत लावले. पण देठांच्या बुडाशी धुकट वलय दिसायला लागलं. म्हणजे जंतू! इतकं धुऊनही शिरले कुठून, देव जाणे. लगेच औषध दिलं. आता बाटल्या लख्ख आहेत. इथे मला साबणबाई म्हणतात ते उगाच नाही.

जेवते आहे. खरंच.

लोभ असू द्या, रागावलात तरी.
आपली सून

ता. २० मे

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

झाड पाडल्याचं कळलं.

लख्ख बाटल्यांतली रोपं खडी-वाळूच्या कुंड्यांत लावली आणि ती पिवळी पडून खुरटली. मांडणीच्या मागे औषध न दिलेल्या दोन धुकट बाटल्या राहून गेल्या होत्या. फेकायलाच निघाले, तर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हात धरला. त्या म्हणाल्या, हे जंतू बाहेरून आलेले नाहीत, झाडाच्या आतच राहतात. हवेतला नत्र घेऊन झाडाला पुरवतात, मुळं वाढवतात. तुमच्या मागच्या मुरमात ते झाड बिनखताचं वाढलं, त्यात त्यांचाही हात असणार. ती दोन रोपं तसल्याच कुंड्यांत लावली. आता वीतभर झालीत, हिरवीगार. आणि मी त्या जंतूंना मारायचं औषध देत बसले होते!

आई, आपण दोघीही फार स्वच्छ करत सुटलो. मला त्याच्याबद्दल बोलायचंय. तुमच्याशीच बोलायचंय. चालेल ना?

लोभ आहे म्हणूनच विचारते.
आपली सून

ता. २९ मे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद वि. वि.

चालेल. मीच वाट बघत होते गं.

ते झाड त्याने लावलंच नव्हतं! दहा वर्षांचा असताना मागे क्रिकेट खेळायला पॉपलरची काठी स्टंप म्हणून ठोकली. सुट्टी संपेपर्यंत तिला पानं फुटली. मग हा पठ्ठ्या तिला चेंडू लागू देईना. सगळी पोरं बिचारी दोन स्टंपांवर खेळली, आणि हा पायचीत झाला तरी झाडाला लागेल म्हणून पाय मध्ये घातला, असं सांगायचा. लिहिताना हसले, मग खूप रडले, आणि मग बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सगळे कपडे दिले म्हणाले, ते खोटं. एक निळा शर्ट ठेवलाय. धुतलेला नाही. तुझ्यापासून लपवला होता. रोप पार्सलने पाठवू नकोस, घेऊन तूच ये, म्हणजे दाखवते.

लोभ आहेच, रोपासोबत तोही घेऊन ये.
तुझी आई