आईच्या उंचीचा ओटा

बाबा,

टेम्पो दहाला येईल. मी नव्या घरी पुढे जातेय, कारण मिस्त्री आठलाच ओटा फोडायला घेणार आहे. तो चार इंच उंच करायला तुम्ही सांगितलंत म्हणे. आता आपण दोघंच, तेही ताडमाड, म्हणूनच ना?

मी त्याला परत पाठवणार आहे. रागवायचं तर रागवा. आईने या घरात तीस वर्षं स्टुलावर चढून स्वयंपाक केला, वरच्या फळीवरचे डबे तेवढे मला काढायला लावायची. तिच्या मापाचा ओटा तिथे पहिल्यांदाच झाला, आणि राहायला जायच्या महिनाभर आधी ती गेली. राहू दे तो तसाच. आपण वाकू.

गोळ्या टेबलावर आहेत, उपाशीपोटी घेऊ नका. स्टूल मी मुद्दाम बांधलं नाही. तिथे त्याचं काही काम नाही, पण तुम्ही ते मांडीवर घेऊनच याल.

— आईची शिडी