केशकाल घाटाची ट्रायल

४ सप्टेंबर
आज पुन्हा शोरूम. नेहरू नगरातून निघालो की हायवेवर समोरच आहे, पाय आपोआप वळतात. शोभा म्हणते, "तुमी तिथंच पंचिंग करत जा." करतो. रिटायर झाल्यापासून बायकोला आणि गाड्यांना पाहणं हीच ड्यूटी, आणि बायको फार वेळ पाहू देत नाही.

लांब पांढरी सेडान पाहिली. काय देखणी आहे! मी तिचं नाव राजहंस ठेवलं. दार लावलं तर धाड नाही, खट्‌ नाही. स्टील प्लांटात, लोखंडात जन्म गेला माझा, पण लोखंड इतकं हळू मिटतं हे आजच कळलं. शेजारी दुसरी उभी होती, उंच, रुंद, काळी. ती पैलवान. दोन्ही मनात भरल्या. सेल्सवाला विचारतो, सर, सिटी यूज की हायवे? म्हटलं, विशाखापट्टणम.

९ सप्टें.
व्हिडिओ पाहत बसलो. ग्रँड टूरिंग म्हणतात त्या गाड्या. तिकडे युरोपात श्रीमंत लोक एका दमात अख्खा देश ओलांडायचे, त्यासाठी बनवलेल्या. ताकद भरपूर, पण गडबड नाही. दिवसभर बसून उतरलं तरी माणूस थेट लग्नाच्या पंगतीत जाईल, इस्त्री न मोडता. वा! बनवणाऱ्यांचे पाय धरावेत.

त्या आपल्या ऐपतीबाहेरच्या. पण आपल्या बजेटातली ग्रँड टूरिंग कोणती, हे शोधायला काय हरकत? माझी अट एकच आहे. शोभेला गाडी लागू नये.

लग्न झाल्यापासून हीच कथा. राजनांदगाव यायच्या आत हिची मान खिडकीबाहेर. लिंबू, ओवा, गोळी, पोटावर वर्तमानपत्र बांधणं, सगळं झालं. ट्रेनमध्ये काही होत नाही, म्हणून जिथे रूळ तिथेच आमचा संसार फिरला. जगदलपूर, कोरापुट, पुढे विशाखापट्टणमच्या समुद्रापर्यंत मी क्रेन सेक्शनच्या मित्रांबरोबर गाडीने गेलो. हिने फोटो पाहिले, वा वा म्हटलं, आणि माझे कपडे धुवायला टाकले.

आता एकदा तोच रस्ता हिच्याबरोबर करायचा आहे. बाकी काही मागणं नाही.

१५ सप्टें.
केतकीचा पुण्याहून फोन. पुण्यात राहूनही पोरगी मराठी फक्त आमच्याशी बोलते, तीही अर्धी. "बाबा, फ्लाइट से जाओ ना. आईला कावून तरास देऊन राहिले? ये कार-वार का शौक इस उमर में..." मी फोन हिच्याकडे दिला. दोघी माझ्याविषयी बराच वेळ बोलल्या, मी खोलीत नसल्यासारख्या.

२१ सप्टें.
प्लांटचा नियम: नवी क्रेन आली की आधी रिकामी ट्रायल, मग लोडची. रिकाम्या ट्रायलवर कोणी सही करत नाही. मी एकट्याने शोरूममध्ये मारलेल्या फेऱ्या म्हणजे रिकामी ट्रायल. आज लोडची केली. पैलवान, मी स्टिअरिंगवर, शोभा तिच्या नेहमीच्या जागी, मागे डावीकडे, काच उघडी, हातात लिंबू.

"मी काय लेडल हाये का, लोड म्हनून राहिले ते?"

वितळलेल्या पोलादाची ती भली मोठी बादली, लेडल, मी आयुष्यभर क्रेनने उचलली, थेंब सांडला नाही. हिला घेऊन दुर्गात पद्मनाभपूरपर्यंत गेलो. परत येताना ओव्हरब्रिजवर हिचा चेहरा पडला. सेल्सवाला पुढच्या सीटवर बसून सनरूफ समजावत होता. म्हटलं, भाऊ, सनरूफ राहू दे, गाडी बाजूला घेतो.

गाडी मात्र छान. खड्डे कळतच नाहीत. मग हिला कसे कळतात?

३ ऑक्टोबर
राजहंसची ट्रायल. मोहन नगरच्या पुढे हिला लागली. पैलवानापेक्षा थोडी उशिरा. ही प्रगतीच मानायची.

शोभा घरी येऊन निजली. संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "अहो, तुमी जा न मित्रायसंगं. मी राहते घरी. मले वाईट नाई वाटत."

वाटतं. मला माहीत आहे वाटतं. समुद्राचे फोटो पाहताना ती फोन डोळ्यांच्या इतका जवळ धरते.

१४ ऑक्टो.
भांडण. म्हणजे मी बोललो, ती भाजी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "एक ट्रायल अजून करा. खरी. केशकाल घाटाची. त्यात जमलं तर येते मी तुमच्या इशाखापटनमले. नाई जमलं तर या घरात गाडीचं नाव काढाचं नाई. मंजूर?"

मंजूर. न करून सांगतो कोणाला? विशाखापट्टणमचा रस्ता केशकालवरूनच जातो, आणि तिथली वळणं अशी की ट्रकवालेही घाटातल्या देवीसमोर गाडी थांबवून हात जोडतात. शोरूमवाले इतक्या लांब गाडी देत नाहीत. पण साहूकडे राजहंसच आहे, गेल्या वर्षीची. माझ्याच शिफ्टमधला, जुना दोस्त. मागितली. चावी देताना म्हणतो, "ले जा भैया. फेर भउजी ल कहिबे, खिडकी के बाहिर!" म्हणजे वहिनीला सांग, काय ते खिडकीबाहेर.

२६ ऑक्टो.
केशकाल.

पहाटे निघालो, बालोदवरून. हिने काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. धानाची शेतं पिवळी पडायला लागलीत. गाडी अशी पळत होती की मी मनातल्या मनात तिला सलाम करत होतो. कांकेरपर्यंत ठीक. मी आरशात पाहतो, ती डोळे मिटून बसलेली. मनात म्हटलं, जमलं!

घाटात तिसऱ्या वळणावर थांबवावी लागली. मग पुन्हा. मग देवीच्या मंदिरापाशी. वरपर्यंत गेलोच नाही. मी पाणी दिलं, पाठ चोळली. ती पायरीवर बसून रडली. मी तिला बाळंतपणातही रडताना पाहिलं नव्हतं. "झालं न आता," एवढंच म्हणाली.

घाट उतरून खाली आलो. सरळ रस्ता लागला, तरी हिची मळमळ थांबेना. कांकेरच्या पुढे म्हणाली, "थांबवा." मी थांबवली. उतरली, पण झाडाकडे गेली नाही. पुढून वळसा घालून माझ्या दारापाशी आली.

"सरका. मी चालवते."

मला आठवायलाच वेळ लागला. केतकी कॉलेजात असताना दोघी मिळून ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. ही पहिल्या फटक्यात पास. केतकीला क्लासला सोडायची काही दिवस. मग मी म्हणायला लागलो, मी आहे ना. लायसन माझ्याबरोबर रिन्यू होतं, बँकेत ओळख म्हणून दाखवते.

म्हटलं, अगं साहूची गाडी. म्हणाली, "मागं बसून खराब करन्यापरीस बरं."

पहिले चार-पाच किलोमीटर मी देव आठवले. मग तेही विसरलो. रस्ता रिकामा, ही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पदर खोचून, लांब पाहत. ट्रॅक्टर आला तर आधीच पाय काढायची, ब्रेक जेमतेम. इतकी मऊ. मी बघत राहिलो. लिंबू मागच्या सीटवर पडून होतं.

चारामाच्या अलीकडे बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. हिने गाडी बाजूला घेतली, नीट, इंडिकेटर देऊन. "सीताफळ खाता?"

इतक्या वर्षांत या बाईने रस्त्यावर पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं. दोन सीताफळं खाल्ली. बिया मोजून थुंकल्यासारख्या थुंकत होती आणि मला हसत होती. मग बालोदपर्यंत तिनेच आणली. काय सुंदर दिसत होती, सांगू?

२७ ऑक्टो.
साहूला चावी दिली, सगळं सांगितलं. तो हसून लोळला. "भैया, केबिन में नवा लइका मन ल का होवय?"

मग डोक्यात उजेड पडला. क्रेनच्या केबिनमध्ये नवीन माणूस शेजारी उभा केला की त्याला हमखास चक्कर. घेरी येऊन खाली उतरायचे बिचारे. कंट्रोलर हातात दिला की दुसऱ्या दिवशी ठणठणीत. का? तर झोका केव्हा येणार हे ज्याच्या हातात, त्याला झोका लागत नाही. हे मी स्वतः शंभर जणांना शिकवलं. आणि घरी बायकोला मागे डावीकडे बसवून गाडीची सस्पेन्शन तपासत होतो!

शोभेला सांगितलं. म्हणाली, "हुशार हो तुमी. फक्त उशिरानं."

८ नोव्हेंबर
रोज सकाळी सराव. टाउनशिपचे रस्ते रुंद, झाडं दोन्हीकडे, गर्दी नाही. साहूच गाडी देतो. शोभा स्टिअरिंगवर, मी डावीकडे. लागत नाही तिला. एकदाही नाही.

मला मात्र डावीकडे ब्रेक नाही ही गोष्ट पचत नाही. पाय आपोआप दाबला जातो. आज "ब्रेक! ब्रेक!" ओरडलो. समोर गाय होती, पण रस्त्याच्या पलीकडे, बसलेली. घरी आल्यावर माझा चहा बिनसाखरेचा आला.

१६ नोव्हें.
दोघे शोरूमला. सेल्सवाल्याने सवयीने ड्रायव्हरचं दार मला उघडून दिलं. ही आधी जाऊन बसली. "भाऊ, हे सीट वर कसं करतेत?"

मी इतके दिवस इंजिन, टॉर्क, मायलेज विचारत होतो. हिने विचारलं: पुढचं टोक कुठं संपते? आरशात मागचं चाक दिसते का? पाय पूरा पोचते का? राजहंस नापास. "देखनी हाये, पन नाक दिसत नाई तिचं." माझ्या काळजात कळ आली, खरं सांगतो. पैलवानात बसली आणि वरून रस्त्याकडे अशी पाहायला लागली, जशी मी क्रेनच्या केबिनमधून खालच्या शॉप फ्लोअरकडे पाहायचो. बरोबर आहे हिचं. लांबच्या रस्त्याला हीच गाडी. मनोमन मानलं. सेल्सवाला आता मला सर म्हणत नाही, मॅडमच्या मागे फिरतो.

येताना ओव्हरब्रिजवर मी पुन्हा ओरडलो. हिने गाडी कडेला घेतली आणि मी गप्प होईपर्यंत सुरूच केली नाही.

२२ नोव्हें.
साहूच्या मेव्हण्याकडे पैलवान आहे. उद्यासाठी मिळाली. पुन्हा केशकाल, या वेळी पूर्ण घाट, वरपर्यंत, शोभा चालवणार. जमलं तर बुकिंग.

केतकी फोनवर ओरडली, मग आईला म्हणाली, "व्हिडिओ भेजना."

जेवताना विचारलं, पैलवानच ना नक्की? रंग कोणता? हिने भाताचा घास खाली ठेवला.

"गाडी कोनतीबी चालन मले. उद्या तुमची ट्रायल हाये. बाजूले गप बसता आलं पायजे. नाई जमलं, तर तुमी ट्रेननं या. मी समुद्रावर भेटते."

मी हसलो. ती हसली नाही. ताटात पोळी वाढली आणि विचारलं, सकाळी किती वाजता निघाचं.