बाईसाहेबांच्या कुशीवरचा डाग

तीर्थस्वरूप दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे घड्याळवाल्याचा, साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की अजून मुक्कामाला आहे? इकडे मी बरा आहे, दुकानातली घड्याळं आपापल्या मताप्रमाणे बरी आहेत, आणि ज्यांच्यासाठी तुम्ही मला इतकं खरमरीत पत्र पाठवलंत त्या बाईसाहेब आत्ता याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर बसल्या आहेत. (तिथे पत्ता आणि तारीख दिसणार नाही, ते त्यांच्यामुळे. उठा म्हटलं तर उत्तरं देतात.)

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते. शेजारच्या शिंपीणबाईंच्या मुलीने हौसेने तुम्हाला मांजराचा फोटो पाठवला, त्यात कुशीवर तळहाताएवढा तपकिरी चौकोन दिसला, आणि तुम्ही घरबसल्या निकाल दिलात की मी तिच्यावर तापलेली इस्त्री ठेवली. वर रविवारी येऊन तिला परत घेऊन जाणार म्हणता. दादा, माझ्याकडे इस्त्री नाही. माझे शर्ट इतकी वर्षं बघूनही तुम्हाला हे कळू नये याचं नवल वाटतं. तुम्हाला आधी एवढंच सांगतो की तिला नेऊ नका. का ते पुढे लिहितोच, पण माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. घड्याळ बंद का पडलं हे विचारलं तर मी सुरुवात ते घड्याळ कुणी बनवलं तिथून करतो.

तुमची बहीण गेल्यावर तुम्ही ही टोपली घेऊन आलात तेव्हा मी तुमच्यावर मनातून चिडलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. घरात काहीतरी बोलणारं हवं, असं म्हणालात आणि टोपलीचं झाकण उघडलंत. आत सायीच्या रंगाचं, काडीसारख्या पायांचं, वटवाघळाचे कान लावल्यासारखं एक पिल्लू. डोळे निळे, आणि दोन्ही डोळ्यांचं एकमेकांशी फारसं जमत नसावं, कारण दोघंही नाकाकडे बघत होते. सयामी आहे, उच्च कुळातली आहे, हिच्या आईबापांची सात पिढ्यांची माहिती मिळेल, असं तुम्ही सांगितलंत. (माझी स्वतःची आजोबांपुढे मिळत नाही.) मी म्हटलं, असेल. कुळ बघून बाईसाहेब म्हणू लागलो, आणि तेच नाव राहिलं.

आता डागाकडे येतो. आली तेव्हा तिचे फक्त कान आणि नाक बदामी होते. दोनेक महिन्यांत नाक काळं झालं, मग पंजे, मग शेपूट, आणि मग पाठही चहा सांडल्यासारखी दिसायला लागली. मला वाटलं, दुकानातलं तेल. मी घड्याळाला घालतो ते तेल थेंबाच्याही थेंबाएवढं असतं, पण संशय आला की माणूस हिशेब करत नाही. तुमच्या उच्चकुलीन मांजराला मी मळवलं, या विचाराने अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं, घंगाळात कोमट पाणी काढलं, तान्ह्या बाळांचा साबण आणला आणि बाईसाहेबांना विनंती केली.

दादा, सयामी मांजर म्यांव करत नाही. दारात बोट सापडलेलं मूल जसं रडेल तसं ते ओरडतं, आणि मधे श्वास घ्यायलाही थांबत नाही. शिंपीणबाई हातात कात्री घेऊन धावत आल्या. त्यांच्यामागे त्यांचं गिऱ्हाईक आलं, एकाच बाहीचा कोट घातलेलं आणि अंगभर खडूच्या रेघा. "कुणाचं लेकरू आहे आत? काय करताय तुम्ही त्याला?" असं म्हणत बाईंनी दार लोटलं, तेवढ्यात बाईसाहेब घंगाळातून माझ्या खांद्यावर, खांद्यावरून फळीवर, आणि फळीवरून थेट बँकेच्या साहेबांच्या, दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या काचेतून आरपार गेल्या. घड्याळ त्याच क्षणी सुरू झालं, हे मुद्दाम नमूद करतो, कारण मी पंधरा दिवस त्याच्यामागे डोकं फोडत होतो. पण काचेने बाईसाहेबांची कूस कापली.

एका बाहीचा कोट घातलेल्या त्या भल्या माणसानेच आम्हाला आपल्या गाडीतून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कुशीवरचे केस चौकोनी भादरले, टाके घातले, आणि मी तेलाची हकिगत सांगितली तशा हसायला लागल्या. "अहो आजोबा, ही मळलेली नाही, हिला थंडी वाजते," म्हणाल्या. या जातीचं म्हणे असंच असतं. पिल्लं जवळजवळ पांढरीच जन्मतात. मग अंगाचा जो भाग गार राहील तिथले केस गडद येतात. कान, नाक, पंजे, शेपूट ही टोकं गार, म्हणून ती काळी. आणि माझं दुकान कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, तिथे ऊन फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात येतं. भादरलेली जागा उघडी पडली, गार राहिली, आणि केस परत आले ते तपकिरी. हाच तुमचा इस्त्रीचा डाग. आता शिंपीणबाईंनी उरलेल्या फलालीनचं एक जाकीट शिवून दिलंय, ते घातलं की कूस उबदार राहते आणि पुढचे केस फिके येतील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जाकीट घालून बाईसाहेब गिऱ्हाइकांकडे अशा बघतात की लोक उधारी मागायला धजत नाहीत.

बाकी निगा म्हणाल तर ती सोपी आहे. केस आखूड, त्यामुळे विंचरायची कटकट नाही, ओला हात पाठीवरून फिरवला की काम झालं. दात मात्र बघावे लागतात, आणि ऊब लागते. एकटं ठेवलेलं मुळीच चालत नाही. एकच माणूस धरायचं आणि त्याच्या डोक्यावर मिरे वाटायचे, हा या जातीचा स्वभाव. मी भिंग डोळ्याला लावून बसलो की ही खांद्यावर. दुकानातली घड्याळं एकापाठोपाठ एक टोले देतात (एकाच वेळी देत नाहीत, तेवढी एकी आमच्यात नाही), तर ही प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. आणि सगळं सोडून दिवसभर माझ्याशी बोलते.

इथेच खरी अडचण झाली. तुमची बहीण काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून दिवसभर बोलायची, आणि मी चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून "हं" म्हणायचो. आमचा संसार त्या एका अक्षरावर सुखाने चालला. तिला माझा कुठला हं कौतुकाचा, कुठला नकाराचा, आणि कुठला स्प्रिंग उडाल्याचा, ते न बघता कळायचं. बाईसाहेबांना हं चालत नाही. हं म्हटलं की ते दोन तिरळे डोळे माझ्यावर रोखून तेच वाक्य पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. भिंग काढून, तिच्याकडे बघून, पूर्ण वाक्य बोललं तरच गप्प होते. आता मी काय बोलणार? माझ्या आयुष्यात काही घडत नाही. म्हणून मी तुमच्या बहिणीने सांगितलेलंच सांगायला लागलो. तुमच्या आत्याने खारवलेली कैरी समजून साबण खाल्ला ते, गाणं शिकवणाऱ्या बाईंचा आवाज बसला ते, वडिलांनी नवी सायकल पहिल्याच दिवशी तळ्यात घातली ते. आणि दादा, मला सगळं येतं. एकही गोष्ट विसरलेलो नाही, तिच्याच शब्दांत येतं, ती जिथे थांबायची तिथेच थांबून. ती गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की मला वाटायचं, तिचं बोलणं आता संपलं. ते संपलेलं नाही. ऐकणारं कुणी हवं होतं, ते तुम्ही टोपलीतून आणून दिलंत. याबद्दल तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

तेव्हा मांजर सुखात आहे, अंगावर डाग असला तरी माझ्यावर नाही, एवढं मनावर घ्या आणि रविवारी दुखऱ्या गुडघ्याने येण्याची तसदी घेऊ नका. वहिनींना नमस्कार सांगा, आणि त्यांच्या खोकल्याला आवरा म्हणून सांगा.

तुमचा,
घड्याळवाला

ता. क. वरचं रविवारी न येण्याचं वाक्य खोडायचं होतं, पण बाईसाहेब त्यावर येऊन बसल्या. रविवारी याच. टोपली तेवढी आणू नका.

ता. क. खरं काम असं आहे. तुमची बहीण एक गोष्ट सारखी सांगायची. लहानपणी तुम्ही शाळेच्या जिन्याच्या कठड्यात डोकं अडकवून घेतलंत. आधी तेल लावून झालं, मग साबण लावून झाला, मुख्याध्यापक आले, शेवटी लोहार करवत घेऊन आला, आणि त्याने करवत गजाला लावली तेव्हा तुम्ही कठड्यातूनच मुख्याध्यापकांना काहीतरी म्हणालात. इथवर आली की तिला हसू फुटायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, हाताने थांब थांब अशी खूण करायची, आणि पुढचं कधी यायचंच नाही. लग्नापासून मी ती गोष्ट कितीदा ऐकली कुणास ठाऊक, पण त्या वाक्यापुढे आम्ही कधी गेलो नाही. तिला तसं हसताना बघून मलाही हसू यायचं आणि वाटायचं, कळेल पुढच्या खेपेला. परवा मी ती बाईसाहेबांना सांगायला घेतली. लोहारापर्यंत आलो आणि अडलो. त्या बघत बसल्या. मला पुढचं येत नाही, दादा, आणि आता ते तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. काय म्हणाला होतात तुम्ही?

ता. क. पत्रात लिहू नका, येऊन सांगा. सांगता सांगता हसू आलं तर थांबा. आम्हाला घाई नाही.