एका धुराला वीस लिटर

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१०
स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पट्टीने वेळापत्रक आखत होतो.

तोर्गैर काका काल खुबा बदलून घ्यायला बर्गनच्या इस्पितळात गेले. जाताना चूलघराची किल्ली, तांब्याचा हंडा आणि बिअरच्या विरजणाची बरणी माझ्या हवाली केली. म्हणाले, ऐविंद, नाताळची बिअर यंदा तू कर. केलीस तर हंडा आणि विरजण कायमचं तुझं. नाही केलीस तर रान्वैगला देतो.

रान्वैग माझी चुलतबहीण. दोन मुलं, चाळीस मेंढ्या, डेअरीत नोकरी, तरी वर्षातून चारदा बिअर करते. कशी जमवते विचारलं, तर म्हणाली, एक दिवस काढायचा आणि करायची. म्हणजे नियोजन शून्य.

बिअरला सलग बारा तास लागतात. माझ्याकडे सलग बारा तास नाहीत. सकाळ-दुपार शाळेची बस चालवणं, बर्फ पडला की रस्ता साफ करायची गाडी, बुधवारी चर्चमध्ये गाणं (दुसरी रांग), रविवारी कपडे. पण बारा तास म्हणजे एकेका तासाचे बारा हप्ते. हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, पण वेळापत्रक मला कळतं.

रविवार, १० नोव्हेंबर
हप्ता पहिला. चूल पेटवली, हंड्यात जुनिपर झुडपाच्या सुवासिक डहाळ्या घालून पाणी उकळलं. बरोबर एका तासाने विझवली. उत्तम सुरुवात.

मंगळवार, १२ नोव्हेंबर, रात्री
एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. आमच्याकडे चूलघरातून धूर निघाला की सगळी दरी तो बघते, बोटांवर दोन दिवस मोजते आणि पिंप उघडायच्या संध्याकाळी चाखायला हजर होते. बोलावणं लागत नाही. धूर हेच बोलावणं.

एकोणीस माणसं आली. परत पाठवणं बरं दिसलं नसतं. लाकडी वाडग्यातून जुनिपरचं पाणी दिलं. मग शेजारच्या ब्योर्ग मावशी म्हणाल्या, हलकी आहे. कोणीतरी म्हणालं, गाडी चालवणाऱ्यांची सोय झाली.

लोक अकरा वाजता गेले. आजचा हप्ता बुडाला. दोष माझा नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
हप्ता दुसरा. गरम पाण्यात माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भिजवलं. धूर कमी व्हावा म्हणून खिडकीतून बाहेर काढायला पत्र्याची नळी लावली. आता धूर दोन ठिकाणांहून निघतो.

रविवार, १७ नोव्हेंबर
सव्वीस माणसं. माल्टची गोड पेज दिली. ब्योर्ग मावशींनी या वेळी येतानाच घरच्या बिअरचा कॅन आणला होता. म्हणाल्या, पोरा, तुझ्यावर विश्वास आहे, पण घशाला कोरड आहे. पुढचा हप्ता पुन्हा बुडाला.

बुधवार, २० नोव्हेंबर
माल्टला वास सुटला. बारा हप्त्यांच्या पद्धतीत चूक नाही. माल्टला धीर नाही. पन्नास किलो रान्वैगच्या मेंढ्यांना दिलं. रान्वैग म्हणाली, मेंढ्यांनी निरोप दिलाय, नाताळची बिअर झकास झाली.

शनिवार, ३० नोव्हेंबर
नवी योजना: धुराशिवाय बिअर. विजेच्या किटलीत दीड दीड लिटर पाणी शंभर वेळा उकळायचं. नवव्या किटलीला फ्यूज उडाला. हीटर बंद, घर गार पडलं. बोटं बधिर झाली तेव्हा चूलघरात शेकोटी पेटवली. फक्त शेकायला.

सोमवार, २ डिसेंबर
एकतीस माणसं. शेकोटी होती असं सांगायला तोंड उघडलं, पण आता प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या घरच्या बिअरचा कॅन होता. बर्फावरून उरलेली परत कोण नेणार, म्हणून ब्योर्ग मावशी म्हणाल्या, ओता पोराच्या पिंपात. एकटा आहे, काका आजारी. आठ घरांनी ओतली.

लोक गेल्यावर मोजपट्टी घालून पाहिलं. वीस लिटर.

चूलघरातलं पिंप शंभर लिटरचं. म्हणजे पाचव्या भागाचं काम झालंय. आणि मी तर फक्त शेकत होतो.

मंगळवार, ३ डिसेंबर, पहाटे ५
झोप लागली नाही, पण सुचलं. एका धुराला वीस लिटर. अजून चार धूर. एकेक तास, पहाटेचा. वेळापत्रक नव्याने आखलं: ४, ७, ११ आणि १४ तारखेला धूर. दोन दोन दिवसांनी माणसं. पद्धत तीच, हप्त्यांचीच. मी म्हणत होतोच.

सोमवार, ९ डिसेंबर
साठ लिटर. वाळवलेलं मटण आणि तपकिरी चीज संपलं, पुन्हा आणलं. रान्वैगने पिंपात डोकावून पाहिलं. म्हणाली, ऐविंद, ही बिअर नाही, वर्गणी आहे. मी म्हणालो, प्रत्येकाची काम करायची रीत वेगळी असते. ती हसली आणि तिने आपलीही ओतली.

सोमवार, १६ डिसेंबर
पिंप काठोकाठ. नाताळला नऊ दिवस बाकी. विरजणाची बरणी उघडावीसुद्धा लागली नाही. एवढ्या काटकसरीने या दरीत बिअर कोणी केली नसेल. हंडा ठेवायला अंगणात जागा आखून ठेवली.

सोमवार, २३ डिसेंबर
काका आले. कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि बसले. मी वाडगा भरून दिला. सगळे उभे राहून बघत होते.

पहिला घोट. काका म्हणाले, रान्वैग. दुसरा घोट. ब्योर्गबाई, तुमची खाली लागली होती का हो? मावशी लाजल्या. मग एकेका घोटाला एकेक घर. नऊच्या नऊ, ओळीने. वाडगा खाली ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, यात तुझं काय?

मी विचार करून म्हणालो, पिंप.

काका म्हणाले, पिंप माझं आहे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, २६ डिसेंबर
रान्वैग ट्रेलर घेऊन आली. हंडा चढवायला मी मदत केली. एका बाजूने मीच धरला होता. विरजण जसं दिलं होतं तसं, झाकणसुद्धा न हलवता परत केलं. याची कोणी दखल घेतली नाही.

जाताना ती म्हणाली, परवा शनिवारी माझी बिअर आहे. सात वाजता ये, लाकडं आण. दिवसभर बसावं लागेल. वेळ आहे का तुला, साहेब?

घरी येऊन वेळापत्रक पाहिलं. शाळेला सुट्टी. बर्फाचा अंदाज नाही. शनिवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा तास मोकळे. सलग. आधीच्या शनिवारांकडे पाहिलं. त्यातले तीन असेच मोकळे होते.

हिशेब:
माल्ट (मेंढ्यांनी खाल्लं) १,३५० क्रोनर
किटली ३९९
फ्यूज ८९
पाहुण्यांचं मटण, चीज, पाव २,९४०
एकूण खर्च ४,७७८
पैशाची उधारी: नाही
बिअरची उधारी: शंभर लिटर, नऊ घरांची. हप्त्यांनी फेडेन.