सोमवारची छाती

लिहून ठेवणार: हेमराज चिंधूजी कळंबे, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमध्ये फिटर, आता काही नाही, राहणार पांढुर्णा, मध्य प्रदेश.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, माझ्याच हाताने लिहितो आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे, श्वास तेवढा नाही. डॉक्टरांनी दोन्हींचे सर्टिफिकेट दिले आहे, ते सोबत जोडले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. रेल्वे लाइनीजवळचे राहते घर व मागचे अंगण माझ्या पश्चात पत्नी उर्मिला हिचे. तिच्यानंतर मुलगा वैभव व मुलगी अश्विनी यांचे निम्मे निम्मे. माझा जुना सोबती श्रावण म्हणाला, "पोराले घर देताना अट घाल ना, मंग ऐकते तो." घरावर मी अट घालत नाही. घराच्या भीतीने हो म्हणणारा माणूस मनातून मानत नाही, आणि वैभवने मनातून मानावे अशी एक गोष्ट माझ्यापाशी आहे. ती पुढे येईल.

कलम २. बँकेतली व पोस्टातली ठेव उर्मिलेची. कोणी तिला विचारायला जाऊ नये.

कलम ३. पाने, गेज, हातोडे व रोलरला खाचा पाडायचे सामान श्रावणला द्यावे. खाचा पाडताना त्याने तोंडाला फडके बांधावे. आमच्या मिलमध्ये फडके बांधणाऱ्याला 'नवरी' म्हणून चिडवत. चिडवण्यात मीच सगळ्यांच्या पुढे होतो आणि चौतीस वर्षे मी स्वतः फडके बांधले नाही. या मूर्खपणाची जबाबदारी माझी, ती कोणाला देत नाही.

कलम ४. आमच्या मिलचे जुने शेठजी हंगाम सुरू झाला की आम्हाला गूळ वाटायचे. "खा रे, गुळानं धूळ उतरते." आम्ही खायचो आणि वरून हात जोडायचो. माझ्या तेरवीला त्यांच्या घरी एक भेली गूळ पोचता करावा. सोबत निरोप नको, त्यांना समजेल.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही. माझे साक्षीदार सुधाकर गुरुजी म्हणाले, गाळा. मी गाळत नाही.

मिलला रविवारी सुट्टी. सोमवारी दुपारपासून माझी छाती भरून यायची, कोणी दोर आवळावा तशी. मंगळवारी कमी, बुधवारी मोकळी. धुळीने होत असते तर रोज झाले असते, असे मला वाटे. मग सोमवारीच का? उर्मिलेने शोध लावला, की रविवारी मी घरी बसून संत्री खातो. झाले! संत्र्याच्या गावात सव्वीस वर्षे माझी संत्री बंद. तरी छाती भरतच होती, तेव्हा तिने सीताफळही बंद केले.

मागच्या वर्षी जिनिंगच्या धुळीचे नियम कडक करावेत की नाही, यावर इथल्या मंगल कार्यालयात सभा झाली. वैभव आता एका मिलमध्ये सुपरवायझर आहे. तो उठून म्हणाला, "धूळ ओढाची मशीन लावा म्हणता. छोट्या जिनिंगा बंद पडतीन, मंग दोनशे लोकं खातीन काय?" त्याचे म्हणणे खोटे नाही, मी आजही तेच म्हणतो. मग अश्विनी उठली. ती सौसरला नर्स आहे. ती भावाशी भांडली नाही, फक्त म्हणाली, "सोमवारी कोणाची छाती भरते, हात वर करा बरं."

एकेचाळीस हात वर झाले. माझा धरून. विचारले तर कोणी ताकाला दोष दिला, कोणी रविवारी डोक्यावरून केलेल्या आंघोळीला, एकाने तर सासुरवाडीच्या जेवणाला! प्रत्येक घराने आपापला चोर धरून ठेवला होता. अश्विनीने सांगितले, कापसाच्या धुळीचे असेच असते. सुट्टीत छाती सैलावते आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी धरते. पुढे वर्षे गेली की रोज धरते. मी आता रोजवाला आहे. वैभवचा हात खालीच होता.

उर्मिला, तू मला जपत होतीस. मिलमध्ये मी होतो, तू नव्हतीस. ओळखायचे मला होते. तू त्या सभेपासून संत्र्याला हात लावत नाहीस, ते सोड. माझा तुझ्यावर राग नव्हता आणि नाही.

कलम ६. मेल्यावर माझी फुफ्फुसे नागपूरला तपासायला द्यावीत. फॉर्म भरून ठेवला आहे. उर्मिला म्हणाली, "अवो, देवाच्या दारी उघडी छाती घेऊन जासान काय?" तर ते शिवून देतात. मी जन्मात बिडी ओढली नाही, तरी दोन डॉक्टरांनी कागदावर बिडी लिहिली. आत कापूस किती, चुलीचा धूर किती, ट्रकचा किती, कोण जाणे! मला फार जाणून घ्यायचे आहे आणि नेमके तेव्हाच मी नसणार, याची चीड येते. अहवाल वैभवने घरात मोठ्याने वाचावा. धूळ निघाली नाही तर तेही तसेच वाचावे. मी चुकलो असेन तर चुकलो.

कलम ७. श्वास मोजायची फुंकणी, जी अश्विनीने मला आणून दिली, ती वैभवला द्यावी.

पुरवणी, आजच संध्याकाळी लिहिलेली. काल रविवारी मी वैभवला डिवचले, "म्हाताऱ्यापेक्षा जास्त फुंकून दाखव." त्याने हसत पाचशे वीस फुंकले. आज पाळी संपवून तो आला, तेव्हा पुन्हा दिली. चारशे तीस. "तोंड बरोबर नाही लागलं," म्हणाला. दुसऱ्यांदा चारशे वीस. तिसऱ्यांदा चारशे तीस. मग विचारले, "बाबूजी, माह्या वयात तुमचा किती होता?"

मी म्हटले, "माहा कोणी मोजलाच नाही, बाबू."

तो उठला. पुढच्या रविवारी आणि सोमवारी मशीनवरच्या सगळ्यांना फुंकायला लावतो म्हणाला. मी म्हटले, तुझे शेठजी विचारतील. "विचारू द्या जी," म्हणाला.

सबब कलम ७ रद्द समजावे. फुंकणी तो आजच घेऊन गेला.

सही: हेमराज चिंधूजी कळंबे

आम्हा दोघांसमोर त्यांनी वरील सर्व वाचून सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार १: सुधाकर ढोके, निवृत्त शिक्षक, पांढुर्णा
साक्षीदार २: प्रतिभा गावंडे, शेजारी, पांढुर्णा

ठिकाण: पांढुर्णा. दिनांक २ फेब्रुवारी २०२६, सोमवार.